हाड, घोडा, ग्रंथी आणि क्षय : भगंदराच्या कारणांचा इतिहास

१/
भगंदर हा शब्द मराठी घरांत सहसा मोठ्याने उच्चारला जात नाही. 'मूळव्याध' म्हणून वेळ मारून नेली जाते. तेही जड गेले, तर 'उष्णता झाली' एवढ्यावर भागवले जाते. यवतमाळ असो, पुसद असो वा वणी, गावाच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती मात्र हा शब्द बिनदिक्कत वापरतात : मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज. घरात न बोलता येणारा आजार आणि भिंतीवर ओरडून सांगितलेला इलाज यांच्यामध्ये एक साधा प्रश्न हरवतो : हे झाले कशामुळे? हा धागा त्या प्रश्नाच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाविषयी आहे.

२/
प्रथम आजाराचे स्वरूप. गुदद्वाराच्या शेजारी गळू होते, ठणकते, ताप येतो. ते फुटते किंवा फोडले जाते, पू वाहून जातो, आराम पडतो. पुष्कळदा गोष्ट येथेच संपते. परंतु गळवाचा उगम गुदमार्गाच्या आत असेल, तर आतून बाहेरपर्यंत एक बारीक वाट तयार होते. ती वरून मिटते, आत पू साचतो, पुन्हा फुटते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हा क्रम चालतो. ही वाट म्हणजे भगंदर. सुश्रुतसंहितेने हा क्रम नेमका ओळखला होता. न पिकलेली ती पिडका, पिकून फुटलेले ते भगंदर, असा भेद तिच्या निदानस्थानात केलेला आहे.

३/
सुश्रुताने भगंदराची गणना आठ महागदांत, म्हणजे बरे करण्यास अत्यंत कठीण अशा आठ रोगांत केली. त्याचे पाच प्रकार सांगितले. चाळणीसारखी अनेक छिद्रे पडलेला तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उंचवटा असलेला तो उष्ट्रग्रीव, सतत पाझरणारा तो परिस्रावी, शंखाच्या वेटोळ्यांसारखा फिरलेला तो शंबूकावर्त. ही नावे डोळ्यांनी पाहून आणि सलाईने वाट चाचपून ठेवलेली आहेत. या चारही प्रकारांचे कारण शरीरातील दोषांत शोधलेले आहे. पाचव्याचे कारण मात्र बाहेरून येते. त्याचे नाव उन्मार्गी.

४/
उन्मार्गीची कथा संहितेत जवळजवळ एखाद्या प्रकरणाच्या टिपणासारखी येते. मांसाला लोभावलेला माणूस घाईने जेवतो आणि अन्नाबरोबर हाडाचा तुकडा गिळतो. तो तुकडा घट्ट मळाबरोबर खाली ढकलला जातो, गुदद्वाराशी आडवा येतो आणि तेथे जखम करतो. जखम कुजते, पू होतो, आणि पाण्याने भिजलेल्या जमिनीत किडे व्हावेत तसे त्यात कृमी होतात. ते कृमी मांस कुरतडत बाजूला वाटा पाडतात. शरीरातील मळ आपला मार्ग सोडून भलत्याच मार्गाने बाहेर पडू लागतो, म्हणून हा 'उन्मार्गी'. दोषांच्या भाषेत बोलणाऱ्या ग्रंथाने येथे एका दिसणाऱ्या, हातात धरता येणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवले.

५/
आजच्या शल्यचिकित्सेत या वर्णनाला दुजोरा मिळतो. गिळलेले माशाचे काटे, कोंबडीच्या हाडाची किरचे, दात कोरण्याच्या काड्या गुदद्वाराजवळच्या गळवात सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून येत असतात. त्यामागचे कारण शरीररचनेत आहे. टोकदार वस्तू जठर आणि लांबलचक आतडी अनेकदा सुखरूप पार करते, कारण तेथे जागा आहे आणि भोवती अन्नाचा लगदा आहे. शेवटच्या वळणावर मात्र मार्ग अरुंद होतो, भोवती स्नायूंचे घट्ट वलय असते, आणि बाहेर टाकण्यासाठी जोर करावा लागतो. त्या जोराने काटा भिंतीत घुसतो. रुग्णाला तो गिळल्याची आठवणही नसते.

६/
कृमींचे काय? जुन्या वैद्याला दिसलेले कृमी बहुधा दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. उघड्या, दुर्लक्षित जखमेवर माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या मांसात दिसतात. खेडेगावात जनावरांच्या जखमांत पडणारे किडे हेच. म्हणजे येथे कृमी हे कारण नसून परिणाम आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे लहान मुलांना रात्री खाज आणणारे बारीक पांढरे सुतासारखे जंत. हे जंत किंवा त्यांची अंडी गुदद्वाराजवळच्या गळवात सापडल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत, मात्र ती अत्यंत विरळ आहेत.

७/
उन्मार्गीचा उपचार कारणाइतकाच सरळ सांगितला आहे : शस्त्राने वाट कापून काढावी, तापलेल्या शलाकेने डाग द्यावा, कृमिनाशक विधी करावा, आणि शल्य बाहेर काढावे. यांतला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. शल्य आत असेपर्यंत जखम भरणार नाही, हे तत्त्व येथे गृहीत आहे. छेद कसे घ्यावेत याचीही नावे आहेत. त्यांपैकी एक लांगलक, म्हणजे नांगराच्या आकाराचा. एकाच बाजूला जाणारा तो अर्धलांगलक. शेतीवर जगणाऱ्या समाजातील वैद्याने शस्त्रकर्म शिकवताना शेतातील अवजाराची आकृती वापरावी, हे स्वाभाविकच होते.

८/
चरकसंहितेने कारणांची यादी थोडक्यात दिली : कृमी, हाड, सूक्ष्म जखम, मैथुन, शौचाच्या वेळी कुंथणे, उकिडवे बसणे आणि घोड्याच्या पाठीवरचा प्रवास. यांतील घोडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण हजारो मैल दूर ग्रीसमध्ये, हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहातील भगंदरावरच्या छोट्या प्रकरणातही घोडेस्वारी आणि नाव वल्हवणे ही कारणे दिलेली आहेत. त्या प्रकरणातील उपचारही ओळखीचा वाटतो : तागाच्या धाग्यांचा पीळ घोड्याच्या केसाबरोबर वाटेतून ओवायचा आणि दिवसागणिक आवळत न्यायचा.

९/
मग घोडा खरोखर दोषी होता का? आजचे वैद्यक घोडेस्वारीला भगंदराचे मुख्य कारण मानत नाही. मात्र माकडहाडाशी, दोन नितंबांच्या फटीत, केस कातडीत रुतून होणारा एक वेगळा नासूर आहे. तोही गळवासारखा फुटतो, वाहतो आणि भगंदर म्हणून खपून जातो. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप हाकणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका वाढला, की त्याला 'जीपचा आजार' हे नाव पडले. सुमारे ८०,००० सैनिकांना त्यासाठी रुग्णालयात राहावे लागले. जीपच्या जागी घोडा किंवा कापूस वाहणारी बैलबंडी ठेवली, तर जुन्या वैद्यांचे निरीक्षण निराधार वाटत नाही. त्यांनी दोन आजार एका नावाखाली पाहिले असावेत.

१०/
वाग्भटाच्या अष्टांगहृदयात भगंदराचे प्रकार पाचांचे आठ झाले आणि कारणांची यादीही वाढली. हत्ती-घोड्यांवरून प्रवास, कठीण आसनावर बसणे, उकिडवे बसणे, मूळव्याधीची सर्व कारणे, येथपर्यंत यादी शरीराची आहे. त्यापुढे ती वळण घेते. पूर्वकर्माचे अनिष्ट फळ आणि सज्जनांची निंदा ही दोन कारणेही वाग्भट सांगतो. म्हणजे एकाच यादीत घोड्याचे खोगीर आणि माणसाचे पाप शेजारी शेजारी बसले. पहिल्या कारणाची तपासणी करता येते, दुसऱ्याची येत नाही.

११/
वाग्भटाची ही परंपरा विदर्भ-मराठवाड्याला परकी नव्हती. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे लोककथांतला हेमाडपंत, याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला व्याकरणकार बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. वैद्यकावर त्यानेही लेखन केले. बोपदेवाचे मूळ गाव वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या काठचे. हीच नदी आज यवतमाळ जिल्ह्याची सीमा आखत वाहते. त्या काळी वऱ्हाडच्या या भागात वैद्यकाचे पठण करणाऱ्यांसमोर भगंदराची जी यादी होती, तीत हाड होते, घोडा होता आणि पापही होते.

१२/
ग्रंथातले पाप ग्रंथातच राहिले असते तर फारसे बिघडले नसते. परंतु कर्मविपाकाच्या साहित्याने रोग आणि मागच्या जन्मीची पापे यांची सांगड घातली, आणि दुर्गंधी, पू व गुप्त जागा यांमुळे भगंदराला ती सहज चिकटली. परिणाम व्यावहारिक झाला. पाप सांगितले गेले, की रोगी लपतो. लपला, की वैद्याला जखम दिसत नाही. दिसली नाही, की हाड शोधले जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट घडले. कठीण बाळंतपणात फाटून योनी आणि गुद यांमध्ये पडलेली वाट हेही भगंदराचे एक कारण आहे. पण ते सांगायचे कोणाला आणि दाखवायचे कोणाला, हा त्यांच्यापुढचा प्रश्न उपचाराच्याही आधीचा होता.

१३/
याच आजाराने फ्रान्समध्ये नेमके उलटे वळण घेतले. १६८६ साली राजा चौदाव्या लुईला गुदद्वाराशी गळू झाले आणि त्याचे भगंदर झाले. लेप झाले, औषधी पाण्याचे उपाय इतर रुग्णांवर आजमावून पाहिले गेले. शेवटी शल्यविशारद शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स याने शस्त्रक्रियेची तयारी केली. त्याने राजासाठी खास शस्त्र घडवले आणि महिनोन्‌महिने रुग्णालयांतील गरीब रुग्णांवर हात बसवला. १८ नोव्हेंबर १६८६ रोजी सकाळी व्हर्सायमध्ये भूल न देता, कारण भूल अस्तित्वातच नव्हती, राजावर शस्त्रक्रिया झाली आणि तो बरा झाला. ज्या गरिबांच्या शरीरावर ही विद्या तयार झाली, त्यांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत.

१४/
राजाचा आजार म्हटल्यावर लाज उरली नाही. आपल्यालाही हीच शस्त्रक्रिया करा, असा आग्रह धरणारे तीसहून अधिक दरबारी निघाले, असे तेव्हाचा शल्यविशारद पिएर दिओनिस लिहून गेला. पुढे १८३५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक सॅमन याने भगंदराने पीडित गरिबांसाठी एक छोटे रुग्णालय उघडले. तेच पुढे सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून प्रसिद्ध झाले. १८४१ साली सॅमनने कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवर भगंदराचीच शस्त्रक्रिया केली. एका आजाराला समर्पित संस्था उभी राहिली, हजारो रुग्ण एका छताखाली आले, आणि 'कशामुळे' हा प्रश्न मोजून, तुलना करून विचारता येऊ लागला.

१५/
या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर घोड्यात नव्हते, हाडातही नव्हते. १८७८ साली कियारी याने आणि १८८० साली फ्रान्समधील हेरमान व देफोस यांनी गुदमार्गाच्या भिंतीतील सूक्ष्म ग्रंथींचे वर्णन केले. या ग्रंथी गुदमार्गाच्या आतील बाजूस, कातडी आणि आतड्याचे अस्तर जेथे भेटतात तेथे उघडतात आणि त्यांपैकी काही स्नायूंच्या दोन वलयांच्या मध्ये शिरलेल्या असतात. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले, की जंतू आत कोंडले जातात, गळू होते, आणि ते वाट मिळेल तिकडे पसरते. १९६१ साली सेंट मार्क्सचे ॲलन पार्क्स यांनी हा विचार भक्कम पुराव्यांनिशी मांडला.

१६/
१९७६ साली पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांच्या अभ्यासावरून भगंदराचे चार मुख्य प्रकार पाडले. वाट स्नायूच्या कोणत्या वलयातून जाते, हा या वर्गीकरणाचा पाया आहे, कारण ते वलय निष्काळजीपणे कापले गेले तर मळावरचा ताबा कायमचा सुटू शकतो. आज सुमारे ९० टक्के भगंदरांचे मूळ या ग्रंथींत मानले जाते. म्हणजे बहुतेक रुग्णांनी काहीही चुकीचे खाल्लेले नसते, कोणाची निंदा केलेली नसते, कोणतेही पाप केलेले नसते. त्यांच्या शरीरात एक सूक्ष्म नळी बुजलेली असते. पापाच्या कल्पनेला याहून साधे उत्तर मिळालेले नाही.

१७/
परंतु या ९० टक्क्यांनी एक नवा धोका निर्माण केला. बहुतेकांचे कारण एकच, म्हणून सगळ्यांचे तेच, असे गृहीत धरले जाऊ लागले. उरलेल्यांत बरेच काही दडलेले असते : गिळलेले हाड, कठीण बाळंतपण, आतड्यांना व्रण पाडणारा क्रोनचा आजार, गुप्तरोग, कर्करोग, किरणोपचारांनंतरची इजा, पोटातील एखाद्या गळवाचा खाली उतरलेला पू. आणि भारतात, म्हणून यवतमाळातही, या यादीत ज्याच्याकडे कधीच दुर्लक्ष करता येत नाही तो क्षय, म्हणजे टीबी.

१८/
क्षय आणि भगंदर बरोबर आढळतात, हे १९व्या शतकातील युरोपीय डॉक्टरांनी पाहिले होते. परंतु त्याचा अर्थ त्यांनी विचित्र लावला. फुप्फुसातील दूषित द्रव्याला बाहेर पडण्यासाठी शरीराने पाडलेली ही मोरी आहे, ती बुजवली तर छातीचा रोग बळावेल, अशी समजूत होती. त्यामुळे क्षयरोग्याच्या भगंदरावर शस्त्रक्रिया करण्यास अनेक जण नकार देत. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला आणि हे कोडे उलगडू लागले. भगंदर ही मोरी नव्हती. अनेकदा तोच जंतू तेथेही पोचलेला असे. छातीच्या क्षयाचा रोगी थुंकी गिळतो, तिच्याबरोबर जंतू आतड्यांत उतरतात. रक्तावाटेही ते पसरतात.

१९/
क्षय म्हणजे खोकला, ही समजूत अजूनही दृढ आहे. मराठी वाचकाला तिचा प्रतिवाद इतिहासातच सापडेल. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी राजयक्ष्म्याने गेले, आणि मराठी इतिहासात तो आतड्यांचा क्षय म्हणूनच ओळखला जातो. पानिपतानंतर राज्य सावरणारा माणूस छातीऐवजी पोटात शिरलेल्या क्षयाने संपला. हा रोग शरीराच्या कोणत्याही भागात घर करतो, आणि गुदद्वाराजवळची जागा त्याला अपवाद नाही.

२०/
अशा भगंदराची काही चिन्हे शल्यचिकित्सकांना परिचित आहेत : पाण्यासारखा पातळ स्राव, आतून पोखरलेल्या निळसर कडा, एकाहून अधिक तोंडे, जांघेत गाठी, वजन घटणे, आणि व्यवस्थित शस्त्रक्रिया होऊनही पुन्हा पुन्हा वाहणारी जखम. यांपैकी एकही चिन्ह नसले तरी क्षय असू शकतो. म्हणूनच कापून काढलेल्या वाटेचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि पू जंतूंसाठी पाठवणे महत्त्वाचे ठरते. तुकडा न तपासता फेकला गेला, तर रुग्ण एकामागून एक शस्त्रक्रिया सोसत राहतो आणि मूळ रोग औषधावाचून वाढत राहतो. क्षयाविरुद्धची औषधे सुरू झाली, की तीच हट्टी जखम पुष्कळदा भरू लागते.

२१/
स्राव तपासण्याची ही शिस्त महाराष्ट्राच्या भूमीवरही घडलेली आहे. 'ग्रेज ॲनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर पुढे मुंबई इलाख्यात आले आणि साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांत काटा रुतून होणारा, अनेक तोंडांनी वाहणारा एक आजार त्यांनी अभ्यासला. स्रावात पडणारे काळे-पांढरे कण त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यामागे बुरशी असल्याचे मांडले. १८७४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच्याशी साम्य असलेला, पिवळे कण टाकणारा ॲक्टिनोमायकोसिस हा आजार क्वचित गुदद्वाराजवळही गळू करतो. तोही ओळखायचा, तर स्रावातील कण पाहावेच लागतात.

२२/
आता उपचाराच्या धाग्याकडे. येथे 'धागा' हा शब्द शब्दशः घ्यावा. कृश, दुर्बळ किंवा शस्त्राला भिणारा रुग्ण असेल, अथवा वाट मर्मस्थानाशी असेल, तर शस्त्राऐवजी क्षारसूत्र वापरावे, असे सुश्रुताने सांगितले. ११व्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्ताने सूत्राला निवडुंगाचा चीक आणि हळद यांची पुटे देण्याची रीत नोंदवली. आजच्या प्रचलित पद्धतीत सुताला २१ पुटे देतात : ११ निवडुंगाच्या चिकाची, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराची, ३ चीक आणि हळदीची. यवतमाळच्या माणसाला या यादीतील एकही वस्तू अनोळखी नाही. निवडुंग कुंपणाला असते, आघाडा बांधावर उगवतो आणि गणपतीच्या पत्रीत जातो, हळद पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात पिकते, आणि सूत तर कापसाच्या या जिल्ह्याचे दुसरे नावच.

२३/
ओळखीच्या वस्तूंनी बनलेली ही विद्या मधल्या काळात मागे पडली होती. १९६० च्या दशकात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी तिला नव्याने प्रमाणित रूप दिले आणि रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सूत वाटेतून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात; ते वाट हळूहळू कापत जाते आणि मागची जखम त्याच वेळी भरत येते. स्नायू एका घावात तुटत नाही, हा त्याचा मोठा लाभ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जखम भरण्यास सूत्राने सुमारे ८ आठवडे आणि शस्त्रक्रियेने सुमारे ४ आठवडे लागले. पण आजार उलटण्याचे प्रमाण सूत्राने ४ टक्के, तर शस्त्रक्रियेने ११ टक्के होते.

२४/
या आकड्यांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु ते जाहिरातीच्या पाटीसारखे वाचले, तर त्यांचा अर्थ हरवतो. क्षारसूत्र वाट कापते. क्षयाचा जंतू मारत नाही. ते क्रोनचा आजार शमवत नाही, कर्करोग थांबवत नाही, आत अडकलेला काटा आपोआप बाहेर काढत नाही. शस्त्रक्रियेलाही हेच लागू आहे. साधन आयुर्वेदाचे की ॲलोपॅथीचे, हा वाद रंगवणाऱ्यांना सुश्रुताच्या उन्मार्गीतील 'शल्य बाहेर काढावे' या सूचनेचा विसर पडतो. तेथे कारण आधी आहे, साधन नंतर.

२५/
म्हणूनच भिंतीवरच्या पाट्यांचा धोका मोठा. तेथे बसणारा, शिक्षणाचा पत्ता नसलेला माणूस तपासणी न करता इंजेक्शन देतो किंवा दाहक द्रव्य लावतो. त्याला कारण विचारायचे नसते आणि रुग्णाला ते सांगायचे नसते. दोघांच्या या मूक करारावर त्याचा धंदा चालतो. या कराराची किंमत कोणी दुसराच मोजतो : तपासणी न झालेला क्षय घरातल्या लहान मुलापर्यंत पोचतो, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत घरातला एक हात कमी होतो, वर्षाचे उत्पन्न तीन-चार फसलेल्या उपचारांत जाते.

२६/
यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात आयुर्वेद महाविद्यालयही आहे, आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. साधनांचा अभाव ही पूर्वीइतकी मोठी अडचण राहिलेली नाही. उरली आहे ती लाज; जिने वाग्भटाच्या यादीतले पाप अजून जिवंत ठेवले आहे. पुन्हा पुन्हा फुटणारे गळू असलेल्या माणसाने वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावे असे तीन प्रश्न आहेत : याची वाट आत कोठपर्यंत जाते? काढलेला तुकडा तपासायला पाठवला का? आणि मला क्षय नाही, याची खात्री केली का? गिळलेल्या हाडाचा विचार करणाऱ्या जुन्या शल्यतंत्राला यांतील एकही प्रश्न परका वाटला नसता.